घंटा आणि हजेरी

मंडळी, बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. "बाई, लेखणी थंडावली की काय?" असं दोघातिघांनी फोनवर विचारलंसुद्धा. लेखणी थंडावली नव्हती, पण जे घडलं ते लिहायचा धीर होत नव्हता. आता होतोय, म्हणून लिहिते. वरवर पाहिलं तर हा लेख मोबाईल विकत घेण्याविषयी आहे. पण सुरुवात एका गोळीपासून करावी लागेल.

ऑगस्ट २०२४ मधली गोष्ट. श्रावणी सोमवार होता. मला उपास, ह्यांना नाही. ह्यांना मधुमेह आहे, त्यामुळे उपासतापास केव्हाच बंद झालेत. सकाळी आठला उपमा केला, बशीच्या कडेला नेहमीप्रमाणे ग्लिमेपिराइडची गोळी ठेवली. ह्यांनी ती घेतली. तेवढ्यात नाशिकहून धाकट्या बहिणीचा फोन आला आणि मी गॅलरीत जाऊन बोलत बसले. बहिणींचं बोलणं ते, अर्धा तास कुठे गेला कळलं नाही. इकडे ह्यांना वाटलं, ही फोनच्या नादात गोळी द्यायची विसरली. बिचारे स्वतः उठले, औषधांचा डबा उघडला आणि गोळी घेतली. दुसरी!

साडेअकराच्या सुमारास ह्यांना दरदरून घाम सुटला. हात थरथरायला लागले. मी काय झालं विचारलं तर म्हणाले, "कोल्हापूर गाडी लागली का?" एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त होऊन ह्यांना अठरा वर्षं झालीत. माझ्या पोटात गोळाच आला. बोटाला सुई टोचून साखर पाहिली, ४८. सत्तरच्या खाली गेली की कमी समजतात, एवढं मला माहीत होतं. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी पाहिलं तर ६३. शेजारच्या काकूंच्या मुलानं गाडी काढली आणि आम्ही दवाखाना गाठला.

डॉक्टर म्हणाले, "ही गोळी दिवसभर काम करत राहते. साखर पुन्हा उतरू शकते, आज रात्री इथेच ठेवू." मग त्यांनी साधाच प्रश्न विचारला, "आजोबांना गोळ्या कोण देतं?"

"मी," मी म्हणाले.

"मी," त्याच क्षणी हेही म्हणाले.

डॉक्टर काही बोलले नाहीत. निघताना एवढंच सांगितलं, की गोळी घेतली की नाही अशी शंका आली तर आपल्या मनानं दुसरी घ्यायची नाही, आधी फोन करायचा.

दुसऱ्या दिवशी हे ठणठणीत घरी आले. पण घरात काहीतरी बदललं होतं. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. साठ साठ मुलांची नावं, त्यांच्या वह्या, कुणाची फी राहिली, कुणाला चष्मा लागलाय, सगळं डोक्यात असायचं. ह्यांनी स्टँडवर बसून गाड्यांच्या वेळा सांभाळल्या, तेही पाठ. आणि आता एका गोळीचा हिशोब दोघांना मिळून राहिला नाही. आम्ही दोघंही एकमेकांकडे जरा संशयानंच पाहू लागलो होतो. चिरंजीवांना खरं काय ते सांगायला मी आठ दिवस लावले. "जरा अशक्तपणा आला होता" असं म्हणून वेळ मारून नेली. तुमच्यापासून काय लपवायचं, मला भीती वाटत होती. त्याला कळलं तर तो पुढे काय म्हणेल ते मला माहीत होतं.

आणि तो तेच म्हणाला. "आई, आता तुम्ही दोघं पुण्याला या." बाराव्या मजल्यावरचा त्याचा फ्लॅट छान आहे, सूनबाई चांगली आहे, तक्रार काहीच नाही. पण साताऱ्यातलं हे घर, मागचं परस, संध्याकाळी राजवाड्यापर्यंतची फेरी, हे सोडायचं म्हणजे... असो. मी म्हणाले, "मला सहा महिने दे." तो म्हणाला, "बरं. पण निदान एक नीट फोन घे, ज्यात सगळी वेळापत्रकं लावता येतील. माझा जुना पाठवतो."

मी म्हणाले, "पाठव. पण परीक्षा घेतल्याशिवाय कुणालाही वर्गात घेणार नाही."

आता आमच्या घरातल्या 'आठवणीच्या यंत्रां'चा थोडा इतिहास सांगते. पहिलं यंत्र म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय. ते १९७३ साली सुरू झालं, मीही त्याच वर्षी नोकरीला लागले, त्यामुळे आमची दोघींची सेवा बरोबरीची! दूध, गॅस, इस्त्री, पाहुणे, सगळं त्या चौकोनांत. दुसरं माझी टाचणवही. तिसरं म्हणजे नव्वदीच्या दशकात धाकट्या दिरांनी मस्कतहून आणलेली डिजिटल डायरी. चष्म्याच्या घरासारखी उघडायची. हौसेनं सगळ्या नातेवाइकांचे नंबर तिच्यात भरले. एके दिवशी सेल संपला, तो वेळेत बदलला नाही, आणि सगळे नातेवाईक एका रात्रीत नाहीसे झाले! तेव्हापासून मी अशा यंत्रांना जरा बिचकूनच होते.

नात इंजिनिअरिंगला आहे. तिला हे सांगितलं तर तिनं मला या यंत्रांची वंशावळच ऐकवली. फोन आणि डायरी एकत्र करायचा पहिला प्रयत्न आयबीएमनं १९९४ मध्ये केला, 'सायमन' नावाचा. त्यात कॅलेंडर होतं, पत्ते होते, पण तो अर्धा किलोचा होता! १९९६ मध्ये नोकियाचा कम्युनिकेटर आला, तो उघडला की आत छोटा कीबोर्ड. त्याआधी १९९३ मध्ये ॲपलनं 'न्यूटन' काढला होता, तो माणसाचं हस्ताक्षर वाचायचा. म्हणजे वाचायचा प्रयत्न करायचा. त्याच्या चुकांवर लोकांनी पोटभर विनोद केले. मग १९९६ च्या 'पाम पायलट'वाल्यांनी उलटी युक्ती केली. यंत्राला माणसाचं अक्षर शिकवण्यापेक्षा त्यांनी माणसालाच यंत्राला कळेल असं अक्षर गिरवायला लावलं. त्यांच्या लिपीत इंग्रजी ए आडव्या रेघेशिवाय काढायचा. लोकांनी तो आनंदानं गिरवला म्हणे! शिक्षिका म्हणून मला याचं फार कौतुक वाटलं. अक्षर सुधारायला मुलांच्या किती विनवण्या केल्या आम्ही, आणि इथे मोठी माणसं पैसे देऊन अ आ इ ई शिकत होती.

तर परीक्षा. मी रीतसर प्रश्नपत्रिका काढली. पाच प्रश्न, प्रत्येकी दहा गुण. परीक्षार्थी तीन. 'क' म्हणजे माझा जुना बटणांचा फोन, 'ख' म्हणजे चिरंजीवांचा एकेकाळचा महागडा फोन, आणि 'ग' म्हणजे पोवई नाक्याजवळच्या दुकानातला नवा, तेरा हजारांच्या आतला. दुकानातला मुलगा सुरुवातीला कॅमेऱ्याचं वर्णन करू लागला. मी म्हणाले, "बाळ, फोटो राहू दे. याची घंटा वाजवून दाखव."

प्रश्न पहिला : घंटा. इथे मला एक मोठा फरक समजला, तो तुम्हालाही सांगून ठेवते. कॅलेंडरची 'आठवण' वेगळी आणि घड्याळाचा 'गजर' वेगळा. आठवण साधारणपणे एकदा टिंग करून गप्प बसते. आपण परसात कपडे वाळत घालत असलो तर ती वाजली काय आणि न वाजली काय. गजर मात्र सहसा बंद करेपर्यंत वाजत राहतो. शाळेचा शिपाई आणि एखादा लाजरा मुलगा यांच्यात जो फरक, तोच. म्हणून गोळ्यांना गजर लावायचा आणि डॉक्टरांच्या तारखांना आठवण. आणखी एक गोष्ट नातीनं सांगितली. बॅटरी वाचवण्यासाठी काही फोन मागे चाललेल्या ॲपना झोपवून टाकतात, आणि मग त्यांनी द्यायची आठवण येतच नाही. म्हणून औषधाची आठवण देणारं वेगळं ॲप घेतलं तर सेटिंगमध्ये जाऊन त्याला त्या झोपेतून सूट द्यावी लागते. या प्रश्नात माझा जुना 'क' पहिला आला. काय खणखणीत आवाज! पार मागच्या गल्लीत ऐकू जातो.

प्रश्न दुसरा : मराठी. गजर वाजला की पडद्यावर काय लिहून येणार, ते मला मराठीत हवं होतं, कारण ते ह्यांनाही वाचता यायला हवं. 'क'वर एकेका अक्षरासाठी तीन-चारदा बटण दाबावं लागतं. 'ख' आणि 'ग' दोन्हींवर बोटानं देवनागरी लिहिता येतं, बोलूनही लिहिता येतं. माझा 'ळ' त्यांना आधी पटेना, पण मी माझा ळ बदलला नाही. चार-पाच वेळा लिहिल्यावर तेच वळणावर आले! अक्षरं मोठी करायची सोय दोन्हींत आहे, आमच्या वयात ती डोळ्यांइतकीच महत्त्वाची.

प्रश्न तिसरा : पुनरावृत्ती. आयुष्य 'रोज' आणि 'एकदाच' एवढ्यावर चालत नाही. जीवनसत्त्वाची गोळी दर रविवारी, रक्ताची तपासणी दर तीन महिन्यांनी, माझे डोळ्यांचे थेंब दिवसातून दोनदा. 'क'ला रोजचा गजर तेवढा जमतो. बाकी दोघांच्या कॅलेंडरमध्ये हवं तसं लावता येतं. पण एका प्रश्नावर दोघंही अडले. मी दुकानातल्या मुलाला विचारलं, "सासूबाईंचं श्राद्ध दरवर्षी भाद्रपद वद्य नवमीला असतं. ते लावून दे." तो माझ्याकडे पाहतच राहिला. तारीख दरवर्षी तीच येते, तिथीची तारीख दरवर्षी बदलते. फोनमधलं साधं कॅलेंडर तारीख ओळखतं, नवमी ओळखत नाही. तेव्हा कालनिर्णय भिंतीवरून उतरायचं नाही, हे तिथेच ठरलं. आता मी वर्षाच्या सुरुवातीला कालनिर्णय पुढ्यात घेऊन बसते आणि त्या वर्षीच्या तिथ्या फोनमध्ये उतरवते. जुनी नोकरदार नवीला काम समजावून सांगते तसं!

प्रश्न चौथा : सेल संपला तर? मस्कतची डायरी मी विसरले नव्हते. आता नोंदी फोनबरोबरच आपल्या खात्यातही साठवता येतात. फोन पाण्यात पडला तरी नव्या फोनवर त्या परत मिळतात, फक्त ती सोय चालू आहे ना ते पाहायचं आणि खात्याचं नाव व परवलीचा शब्द वहीत लिहून ठेवायचा. 'ख' इथे मागे पडला. त्याला कंपनीकडून सुरक्षेच्या सुधारणा येणं बंद झालं होतं, आणि बॅटरी म्हातारी झाल्यामुळे दुपारी तीनलाच मान टाकायचा. मला माझ्यापेक्षा आधी झोपणारा मदतनीस नको होता.

प्रश्न पाचवा : ठेवायचा कुठे? हा प्रश्न पुरुषांना सुचत नाही, कारण त्यांना खिसे असतात. साडीला खिसा नसतो. फोन स्वयंपाकघरात आणि बाई अंगणात, हीच नेहमीची गत. नवे फोन दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतात. मी काय केलं, शंभर शंभर ग्रॅमच्या दोन साबणाच्या वड्या रुमालात बांधल्या, बटव्यात घातल्या आणि बटवा कमरेला खोचून दिवसभर घरात वावरले. हे हसत होते. त्या सोमवारनंतर पहिल्यांदाच हसले. संध्याकाळी नातीला सांगितलं तर ती ओरडलीच, "आजी! पाम पायलटवाल्यानं हेच केलं होतं!" तो जेफ हॉकिन्स म्हणे आधी खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा घेऊन हिंडायचा, आणि कुणी भेटीची वेळ मागितली की तो बाहेर काढून त्यावर लिहिल्यासारखं करायचा. यंत्र बनवण्याआधी ते जवळ बाळगवतं का, हे पाहत होता. मला एकदम माझ्याच जातीचा माणूस भेटल्यासारखं वाटलं.

निकाल : क २४, ख २९, ग ३९. नवा घेतला. नातीनं फोनवरून एकेक पायरी सांगितली, मी वहीत लिहून घेतली, आणि सगळं माझ्या हातानं लावलं. रोज सकाळी आठला गजर, पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'गोळी द्या'. परीक्षा संपली असं मला वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात आठचा गजर वाजला तेव्हा शेगडीवर दूध वर आलं होतं. एका हातानं गॅस बंद केला, दुसऱ्या हातानं गजर. सांडलेलं दूध पुसलं, ओटा धुतला. नऊ वाजता नाश्त्याची बशी उचलताना मनात आलं, गोळी दिली का? मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे. दोघांनाही आठवेना. फोनकडे पाहिलं तर तो शांत. त्याचं काम त्यानं केलं होतं. घंटा वाजली होती, मी बंद केली होती.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं, आज गोळी देऊ नका, साखर मोजत राहा. दिवस निभावला. पण त्या दुपारी मला झोप लागली नाही. माझ्या प्रश्नपत्रिकेतच चूक होती, आणि ती कुणा परीक्षार्थीची नव्हती.

शाळेत दोन गोष्टी असतात, घंटा आणि हजेरी. घंटा सांगते, आता हे करायचं आहे. हजेरी सांगते, हे झालेलं आहे. पस्तीस वर्षं दोन्ही केलं, पण त्यांच्यातला फरक कधी शब्दांत मांडला नव्हता. त्या श्रावणी सोमवारी आम्ही वेळ विसरलोच नव्हतो! वेळेवर गोळी दोघांनाही आठवली, म्हणून तर दोन पोटात गेल्या. चूक हजेरीची होती, आणि मी घंटा विकत घेऊन आले होते.

मग फोनवरच 'झालं' अशी खूण करता येते, तेही करून पाहिलं. पण बोटाला सवय झाली की खूण आधी होते आणि गोळी नंतर. कधी कधी नंतरही नाही. वर्गात मान वर न करता हजेरी घेतली की गैरहजर मुलगाही 'हजर' होतो, तसंच हे!

शेवटी औषधाच्या दुकानातून एक प्लॅस्टिकची डबी आणली. सात वारांचे सात कप्पे, प्रत्येकात सकाळ, दुपार, रात्र. किंमत नव्वद रुपये. रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं मिळून ती भरतो. हे चष्मा लावून गोळ्या मोजतात, मी चिठ्ठी वाचते. कप्पा भरलेला म्हणजे गोळी राहिली, रिकामा म्हणजे झाली. कुणाला काही आठवावं लागत नाही, कुणाला कुणावर विश्वास टाकावा लागत नाही, आणि कुणावर संशयही घ्यावा लागत नाही. डब्यातली पाकिटं कपाटात कुलपात गेली.

फोनमध्ये मी फक्त एक बदल केला. गजरावरचं 'गोळी द्या' पुसलं आणि लिहिलं, 'डबी बघा'.

म्हणजे तेरा हजार वाया गेले का? मुळीच नाही. कॅलेंडर मी चिरंजीव आणि नातीबरोबर वाटून घेतलंय. आमच्या तपासण्यांच्या तारखा त्यांना तिकडे दिसतात, त्यामुळे "डॉक्टरकडे गेलात का?" हा रोजचा फोन बंद झाला. आता फोन येतो तो गप्पांचा. सहा महिन्यांची मुदत संपली तेव्हा त्यानं पुण्याचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. तो दिवस कधी येणारच नाही असं मी समजत नाही. एखादे दिवशी 'डबी बघा' वाचूनही डबी कशासाठी ते आठवणार नाही. तेव्हा निघू. पण ते डबीकडे पाहून ठरवू, भीतीनं नव्हे.

तुमच्यापैकी कुणी असा फोन घ्यायला निघालात, तर दुकानदाराला काही विचारण्याआधी स्वतःला विचारा, की मी नक्की काय विसरते? करायचं ते, की केलेलं ते? करायचं विसरत असाल तर बहुतेक फोन ते सांभाळतील. केलेलं विसरत असाल तर फोनच्या शेजारी एक डबी ठेवा.

ह्यांनी मात्र यातही आपली एस.टी. आणलीच. एस.टी.त एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. हल्ली सकाळी आठला गजर वाजला की आतून आवाज येतो, "सिंगल बेल, बाई!" मी हातातलं काम थांबवते. हे डबी उघडून बघतात, गोळी घेतात, पाणी पितात आणि म्हणतात, "डबल बेल." मग मी गजर बंद करते. तोपर्यंत तो वाजत राहतो. शेजारच्या काकूंना त्रास होत असेल, पण त्या काही म्हणत नाहीत.

असो. आज रविवार. डबी भरायची आहे.